इंदूरमध्ये मुलांचा कॉम्प्युटर क्लास: पहिल्या बॅचपासून दुसऱ्या शाखेपर्यंत

एप्रिल उजाडला की अन्नपूर्णा रोडपासून राजेंद्र नगरापर्यंत विजेच्या खांबांवर समर कॅम्पचे फ्लेक्स लागतात. अबॅकस, सुलेखन, झुंबा आणि हल्ली हमखास 'किड्स कोडिंग'. जूनमध्ये शाळा उघडतात आणि गणपती येईपर्यंत त्यातले बरेच क्लास गुंडाळलेले असतात. मुलं त्यांना मिळालेली असतात, पण दुसऱ्यांदा फी भरायला कुणी येत नाही.

या धंद्याचं खरं गणित इथे आहे. समजा तुमच्याकडे चाळीस मुलं आहेत. दर तिमाहीला त्यातली ऐंशी टक्के पुढे चालू राहिली, तर तीन महिन्यांत आठ नवी मुलं शोधावी लागतात. चाळीस टक्केच राहिली, तर चोवीस. एका कॉलनीतून दर तीन महिन्यांनी चोवीस नवी मुलं काढणं कुणालाच झेपत नाही. म्हणून जागा, मशीन, अभ्यासक्रम, फी यातलं काहीही ठरवताना मी एकच प्रश्न विचारते: यामुळे मूल पुढच्या तिमाहीला येईल का?

हे वारं आलं कुठून

कॉम्प्युटर शिकवणं हा आपल्याकडे जुनाच धंदा. एनआयआयटी १९८१मध्ये सुरू झाली, ॲपटेक १९८६मध्ये. तिथे नोकरीच्या शोधातले पदवीधर बसायचे. लहान मुलांसाठी बाजार उघडला तो खऱ्या अर्थानं २०२०मध्ये. त्या वर्षी आलेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आणायचं म्हटलं. मुलं लॉकडाऊनमध्ये घरी बसली होती आणि त्यांना ऑनलाइन कोडिंग शिकवणारी व्हाइटहॅट ज्युनिअर ही कंपनी बायजूजनं सुमारे ३० कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी जाहिरात मानक परिषदेनं व्हाइटहॅट ज्युनिअरला काही जाहिराती मागे घ्यायला सांगितल्या. पुढे २०२४मध्ये बायजूजचं प्रकरण दिवाळखोरीच्या लवादापुढे गेलं.

गल्लीतल्या क्लासला याचा फायदाही झाला आणि तोटाही. 'कोडिंग' म्हणजे काय हे आता पालकांना समजावत बसावं लागत नाही. मात्र वर्षाची फी एकरकमी मागितली की त्यांच्या कपाळावर आठी पडते. 'तीन महिन्यांत तुमचं मूल ॲप बनवेल' असं पत्रकावर छापणाऱ्याला तर ते सरळ हसतात. तुमच्या बाजूनं मोठी गोष्ट ही की तुम्ही चार घरं सोडून राहता. आई भाजी आणायला निघाली की दारातून डोकावू शकते. हे भांडवल मोठ्या कंपन्यांकडे नव्हतं.

१. कुणाला शिकवायचं ते आधी ठरवा

आपल्याकडे कॉम्प्युटर क्लास म्हटलं की लोकांना डीसीए, पीजीडीसीए आठवतं, किंवा सरकारी नोकरीसाठीची सीपीसीटी. पुण्याची मावशी फोनवर एमएस-सीआयटी करून घ्या म्हणते. हे सगळे मोठ्यांचे, प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम. ते आणि मुलांचा क्लास एकाच फलकाखाली चालवू नका. वीस-बावीस वर्षांची मुलं टायपिंगची परीक्षा देतायत आणि शेजारी आठ वर्षांचा मुलगा पडद्यावर मांजर नाचवतोय, असं झालं की दोघांचंही लक्ष उडतं आणि पालकांनाही ती सरमिसळ आवडत नाही.

वयाचे तीन गट करा: सहा ते आठ, नऊ ते अकरा, बारा ते पंधरा. तिन्ही गट पहिल्या दिवसापासून घ्यायची गरज नाही. सुरुवात मधल्या गटापासून करा. त्यांना वाचता येतं, दहावीची टांगती तलवार अजून दूर असते आणि धाकटं भावंड पुढच्या वर्षी आपोआप मागे येतं.

२. जागा

पहिलं वर्ष घरात काढा, असं माझं स्पष्ट मत आहे. हॉल, बंद केलेली गॅलरी, वरच्या मजल्यावरची खोली, जे असेल ते. चार मशीन मावली तरी धंदा कळतो. भाड्याचा गाळा तुम्हाला शिकवायला वेळच देत नाही. पहिल्या महिन्यापासून तो मुलं मागतो आणि मग तुम्ही येईल त्याला घेता.

भाड्यानं घ्यायची वेळ आली की भंवरकुआँकडे बघू नका. तो भाग स्पर्धा परीक्षांच्या कोचिंगचा, बाहेरगावच्या मोठ्या मुलांचा. लहान मुलांचा क्लास घरापासून पायी किंवा सायकलवर जाण्याइतका जवळ लागतो. सुदामा नगर, उषा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर असे जुने राहते भाग बघा आणि गाळा आतल्या गल्लीत घ्या. मुख्य रस्त्यावरचा गाळा फलकासाठी छान, पण संध्याकाळी सहा वाजता तिथे स्कूटर लावून मूल उतरवणं म्हणजे दिव्यच. तळमजला असला तर आजी-आजोबाही सोडायला येऊ शकतात.

३. मशीन

नव्या लॅपटॉपच्या नादी लागू नका. लॅपटॉपचा पडदा मुलांच्या मानेला खाली ओढतो, आणि एक ग्लास पाणी सांडलं की सगळंच गेलं. कंपन्यांनी काढून टाकलेले जुने डेस्कटॉप या कामाला पुरून उरतात. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये अशा मशीनची दुकानं हिंडून बघा. आठ जीबी रॅम आणि एसएसडी या दोन गोष्टींवर तडजोड करू नका. प्रोसेसर चार-सहा पिढ्या जुना असला तरी चालेल.

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. दुकानदार 'मॅडम, टाकून देतो ना' म्हणत चोरीचं विंडोज घालून देईल. घेऊ नका. विंडोजच्या जागी टाकायचं लिनक्स मिंट फुकट आहे, जुन्या मशीनवर सुरळीत चालतं आणि मुलांना दोन दिवसांत सवय होते. खरेदीला जातानाच लिनक्स मिंट टाकलेला पेनड्राइव्ह खिशात ठेवा आणि प्रत्येक मशीन दुकानातच त्यावरून सुरू करून बघा. पडदा, आवाज, सगळे यूएसबी, की-बोर्डचं एकेक बटण. तिथल्याच 'डिस्क्स' या प्रोग्रॅममध्ये एसएसडीची तब्येतही दिसते. वॉरंटी पावतीवर लिहून घ्या. तोंडी वॉरंटी दुकानाच्या पायरीवरच संपते.

आठ मुलांच्या बॅचला नऊ मशीन लागतात. नववं तुमचं आणि एखादं बंद पडलं की मुलाचं. 'दोघांत एक' हा हिशोब अजिबात करू नका. दोघांत एक मशीन असलं की एकच मूल शिकतं, दुसरं बघत बसतं, आणि त्या दुसऱ्याची फी पुढच्या तिमाहीला येत नाही.

मॉनिटरसकट एक डेस्कटॉप साधारण शंभर ते दीडशे वॅट खातो. नऊ मशीन आणि दीड टनाचा एसी मिळून घराचा मंजूर लोड सहज ओलांडला जातो. वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पावसाळ्यात माळव्यातल्या विजा कुणाची गय करत नाहीत. प्रत्येक मशीनला छोटा यूपीएस असावा, काम सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळाला तरी पुरे. अर्ध्या तासाची मेहनत उडाली की नऊ वर्षांचं मूल रडतं, आणि घरी जाऊन तेच सांगतं.

खुर्च्या मोठ्यांच्या असतात, त्यामुळे मुलांचे पाय लोंबकळतात आणि वीस मिनिटांत चुळबुळ सुरू होते. घरातले जेवणाचे पाट पायाखाली ठेवा. मी एवढ्यावर भागवते.

इंटरनेटसाठी राउटरमध्ये डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) १.१.१.३ घाला. क्लाउडफ्लेअरची ही फुकट सोय अश्लील आणि घातक साइट अडवते. मुलांच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार देऊ नका. व्हेयॉन नावाचा मोफत प्रोग्रॅम टाकलात तर तुमच्या मशीनवरून सगळ्यांचे पडदे दिसतात आणि 'इकडे बघा' म्हणायचं असेल तेव्हा ते एका क्लिकवर कुलूपबंदही करता येतात. खराब झालेले माउस, की-बोर्ड कोपऱ्यात साठवू नका. आपल्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो.

४. काय शिकवायचं

मोबाइलवर वाढलेल्या मुलाला कॉम्प्युटर येतो, हा पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज. पहिल्या तासाला नऊ वर्षांची मुलगी मॉनिटरवर बोट फिरवते. चित्र सरकत नाही. मग दोन बोटांनी मोठं करून बघते. शेवटी वैतागून म्हणते, 'ताई, हा बिघडलाय.' तिला यूट्यूबवर हवं ते तीन सेकंदांत सापडतं. पण फाइल कुठे ठेवली, फोल्डर म्हणजे काय, डबल क्लिक कधी आणि एकदाच क्लिक कधी, यातलं काही माहीत नसतं. त्यामुळे पत्रकावर 'कोडिंग' लिहा, पण पहिला महिना माउस, की-बोर्ड आणि फाइलींचा ठेवा. प्रत्येक मुलाच्या नावाचं फोल्डर, त्यात महिन्याचं फोल्डर, फाइलीच्या नावात तारीख. घरी आईनं 'काय केलंस आज?' विचारल्यावर मुलाला ते दाखवता आलं पाहिजे, आणि दाखवायचं तर आधी सापडलं पाहिजे.

सहा ते आठच्या गटाला टक्स पेंट आणि जीकॉम्प्री पुरतात. दोन्ही मोफत आहेत. चित्र काढता काढता माउसवर हात बसतो. या गटाला पाऊण तासाच्या वर बसवू नका. त्यातही पंधरा मिनिटं मशीन बंद. फरशीवर खडूनं चौकोन आखा, एक मूल 'रोबो' होईल, बाकीचे त्याला 'दोन पावलं पुढे, डावीकडे वळ' असे हुकूम देतील. हुकूम चुकला की रोबो भिंतीवर आपटतो आणि सगळे खिदळतात. क्रम चुकला तर काम चुकतं, हे त्यांना यातून जितकं कळतं तितकं पडद्यावर कळत नाही.

नऊ ते अकराच्या गटाचा मुख्य आधार स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबनं २००७मध्ये ते मुलांसाठी खुलं केलं. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम होतो, त्यामुळे स्पेलिंगच्या चुकांनी मूल अडत नाही. विंडोजवर ते इंटरनेटशिवायही चालतं. लिनक्सवर ब्राउझरमधून वापरा, किंवा स्क्रॅचवरच आधारलेलं टर्बोवार्प टाकून घ्या.

प्रकल्प मात्र आपल्या घरातले निवडा. माझा हुकमी एक्का म्हणजे पाढे विचारणारी मांजर, आणि ती तीन तासांत होते. पहिल्या तासाला मांजर दोन ते बारामधला कोणताही एक आकडा आणि एक ते दहामधला दुसरा आकडा उचलते आणि विचारते, 'सात आठे किती?' उत्तर काहीही दिलं तरी ती गप्प. मुलं लगेच म्हणतात, 'ही तर काही बोलतच नाही!' तिथेच तास संपवा. दुसऱ्या तासाला 'जर-तर'चा ठोकळा येतो: बरोबर असेल तर एक गुण, चुकलं तर मांजर मान हलवते. गुण साठवायला डबा लागतो, म्हणून व्हेरिएबल. व्याख्या सांगत बसू नका, गरज पडली की शब्द आपसूक चिकटतो. तिसऱ्या तासाआधी मुलांना गृहपाठ द्या, की आजीच्या आवाजात एक शाबासकी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायची. ती फाइल स्क्रॅचमध्ये घातली की उत्तर बरोबर आल्यावर मांजरीच्या तोंडून आजी म्हणते, 'वा रे माझ्या वाघा!'

ही फाइल घरी जाते, सगळ्या घराला ऐकवली जाते आणि पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना व्हिडिओ जातो. एका प्रकल्पात पाढे झाले, प्रोग्रॅमिंग झालं, आणि तुमची जाहिरातही झाली, तीही आजीच्या आवाजात.

बारा ते पंधराच्या गटाला पायथन ही टाइप करून लिहायची प्रोग्रॅमिंगची भाषा. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथनच आहे, त्यामुळे पालकांना हे लगेच पटतं. थॉनी नावाचा साधा संपादक वापरा. एकेक ओळ चालवत आत काय घडतंय ते तो दाखवतो. सुरुवात टर्टलनं, म्हणजे पायथनमधल्या चित्र काढायच्या सोयीनं करा: चौकोन काढायचा, दहा अंशांनी वळायचं, असं छत्तीस वेळा. पडद्यावर गोल नक्षी उमटते. दिवाळीच्या आधी हा पाठ घेतला तर मुली त्याच्या रांगोळ्या करतात आणि छत्तीसच का, याचं उत्तर त्यांना वर्तुळाच्या ३६० अंशांतून स्वतःच सापडतं.

याच गटाला लिब्रे ऑफिसमध्ये हिशोब शिकवा. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा तक्ता सगळ्यात चांगला: फ्लॅट नंबर, नाव, रक्कम, रोख की यूपीआय, खाली बेरीज. कॉलनीच्या मंडळाचा खराखुरा हिशोब एखाद्या मुलाकडे आला तर तो आयुष्यात बेरजेचं सूत्र विसरणार नाही. शिवाय देवनागरी टायपिंग. इंदूरच्या आपल्या मुलांची मराठी घरात, हिंदी रस्त्यावर आणि इंग्रजी शाळेत असते. आजोबांना मराठीत पत्र टाइप करून छापून नेलं की घरात काय होतं ते बघाच. इनस्क्रिप्ट की-बोर्ड शिकवा. एकदा हात बसला की मराठी आणि हिंदी दोन्हीला तोच चालतो.

रोबोटिक्सचे किट पहिल्या वर्षी घेऊ नका. दिसायला झकास, पण तारा हरवतात, सेन्सर जळतात, आणि आठ मुलांत तीन किट म्हणजे पुन्हा तीच 'दोघांत एक'ची कथा.

५. महिन्याचा शेवटचा शनिवार

अभ्यासक्रमाइतकंच हे महत्त्वाचं, म्हणून वेगळं लिहितेय. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पालकांना वीस मिनिटं बोलवा. मूल आपण केलेलं दाखवेल. नियम एकच: शिक्षकानं माउसला हात लावायचा नाही. मूल अडखळलं तर अडखळू द्या. पालकांना अचूक प्रोग्रॅम बघायचा नसतो, आपलं मूल स्वतः काहीतरी चालवतंय हे बघायचं असतं. तयार केलेलं काम शिक्षकानं आदल्या दिवशी दुरुस्त करून ठेवलं की ते त्यांना बरोब्बर कळतं.

मोबाइलचा प्रश्नही इथेच सुटतो. डेमोला आलेल्या आजी विचारणारच, 'बाई, पोरगा आधीच दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून असतो. वर पैसे देऊन आणखी स्क्रीन दाखवायची का?' यावर भाषण देऊ नका. 'आजी, महिनाभर पाठवा, शेवटच्या शनिवारी तुम्हीच या. त्यानं काही बनवलं नसेल तर पुढची फी नका भरू.' असं म्हणता येण्याइतकं काम आपल्या क्लासमध्ये होत असलं पाहिजे, हे ओघानं आलंच.

६. वेळा आणि वर्षाचं चक्र

शाळेची बस, जेवण आणि थोडी लोळण झाल्यावर मूल चारच्या सुमारास मोकळं होतं. चार ते सव्वापाच, साडेपाच ते पावणेसात, सात ते सव्वाआठ अशा तीन बॅच बसतात. लहान गटाला पहिली बॅच द्या, त्यांचा पाऊण तास चारलाच सुरू होऊन संपतो. आठवड्यातून दोनदा येणं पुरे: सोमवार-गुरुवार, मंगळवार-शुक्रवार, बुधवार-शनिवार. तीन जोड्या गुणिले तीन वेळा, नऊ बॅच, म्हणजे आठच्या हिशोबानं बहात्तर जागा. यातल्या सत्तर टक्के भरल्या तर समाधान माना.

वर्ष सपाट नसतं. मार्चमध्ये परीक्षा. मेमध्ये अर्धी मुलं मामाच्या गावाला, आणि उरलेल्या अर्ध्यांसाठी समर कॅम्प. कॅम्प तीन आठवड्यांचा करा आणि त्याला डेमो वर्गच समजा. कॅम्पमधली किती मुलं जूनमध्ये राहिली, एवढाच आकडा वहीत लिहा. अनंत चतुर्दशीला झांक्यांमुळे, म्हणजे चित्ररथांमुळे रस्ते बंद, रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, दिवाळीचे आठ दिवस. या सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच छापून द्या, म्हणजे 'फी कापा'चा वाद होत नाही. दसऱ्याला पाटीपूजनाबरोबर मशीनना फुलं वाहा आणि नवी बॅच त्याच दिवशी सुरू करा. मराठी घरं त्या मुहूर्ताला नाही म्हणत नाहीत.

७. फी आणि हिशोब

खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गल्लीतले घालून पुन्हा मांडा. फी महिना १,२०० धरा, मुलं पन्नास. जमा ६०,०००. भाडं १५,०००, वीज आणि इंटरनेट ६,०००, दोन अर्धवेळ शिक्षक १८,०००, दुरुस्ती आणि नव्या मशीनसाठी बाजूला ३,०००, छपाई आणि किरकोळ २,०००. खर्च ४४,०००. उरले १६,०००. हे दर महिन्याला मिळतील असं समजून हुरळून जाऊ नका. मार्च आणि मे धरता फी साधारण दहाच महिने पूर्ण येते, भाडं मात्र बारा महिने द्यावं लागतं. दहा महिन्यांची जमा ६ लाख, बारा महिन्यांचा खर्च ५ लाख २८ हजार. वर्षाकाठी ७२,००० आणि त्यात तुमची मेहनतही आली. याच क्लासला घरच्या जागेत भाडं नाही, शिकवणाऱ्या तुम्ही एकट्या. मग वीस मुलांतही हातात बरे पैसे राहतात. पहिलं वर्ष घरात काढा म्हणते ते याच्यासाठी.

फी तिमाहीची घ्या, वर्षाची नको. पावती द्या, यूपीआयनं घेतली तरी. भावंडाला थोडी सवलत द्या, बाकी कुणाला नाही. एकाला दिलेली सूट संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीला कळते.

८. कागदपत्रं

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. तिचे पैसे मागणारा एजंट दिसला तर तिथून निघा. गाळा घेतला की गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी काढा आणि वीज कंपनीच्या झोन कार्यालयात मीटर बिगरघरगुती करून घ्या. सेवा व्यवसायाला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांचं कोचिंग त्यात येतं, नृत्य-नाट्य-खेळ आणि इतर सर्जनशील उपक्रम येत नाहीत. सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश देऊ नये, प्रत्येक विद्यार्थ्याला किमान एक चौरस मीटर जागा असावी, मध्येच सोडणाऱ्याची उरलेली फी दहा दिवसांत परत करावी, असं त्यात म्हटलंय. मुलांचा कॉम्प्युटर क्लास यात मोडतो की सर्जनशील उपक्रमांत, हे स्वतःच ठरवून मोकळे होऊ नका. मुलं चाळीसच्या पुढे गेली की जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी विचारा. तोवर फलकावर 'कोचिंग' लिहू नका, शाळेच्या विषयांची शिकवणी सोबत जोडू नका, आणि फी परतीचा नियम मात्र आजपासूनच पाळा. सोडून गेलेल्याचे पैसे चटकन परत मिळाले, ही बातमी पत्रकापेक्षा लांब जाते.

भिंतीवर लावायला विकत मिळणाऱ्या आयएसओच्या फ्रेमवर पैसे घालवू नका. त्याच पैशात चार चांगले हेडफोन येतात.

९. शिक्षक आणि मुलांची सुरक्षितता

एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा विद्यापीठात शिकणारे विद्यार्थी संध्याकाळी शिकवायला तयार असतात. प्रोग्रॅमिंग कुणाचं पक्कं आहे हे बघण्याआधी त्याला आठ वर्षांच्या मुलाशी दहा मिनिटं बोलायला लावा. मुलाच्या हातातून माउस काढून घेणारा शिक्षक नको, मग तो कितीही हुशार असो. पगार बॅचवर ठरवा आणि त्यांच्या सेमिस्टर परीक्षेच्या तारखा आधीच विचारून ठेवा.

पोलिस पडताळणी प्रत्येकाची, ओळखीचा असला तरी. दार काचेचं किंवा उघडं. कोणताही मोठा माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटा नको. घ्यायला कोण येणार ते वहीत लिहिलेलं असावं, आणि दुसरं कुणी आलं तर आईला फोन केल्याशिवाय मूल सोडायचं नाही. मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालचे सगळे मूलच धरलेत आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती मागितली आहे. चाइल्डलाइनचा १०९८ आणि सायबर फसवणुकीचा १९३० हे दोन्ही नंबर भिंतीवर लावा आणि ते कशासाठी आहेत तेही मुलांना सांगा.

१०. वाढायचं कसं

जाहिरातीवर मी फारसं लिहिणार नाही. गणेशोत्सवात कॉलनीच्या मंडपाजवळ दोन मशीन मांडा आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला मांजरीशी पाढ्यांची लढत खेळू द्या. बाकी काम शनिवार करतो.

शाळा मात्र दारात येतील. 'आमची लॅब वापरा, आमच्या मुलांना शिकवा' हा प्रस्ताव गोड वाटतो, पण मुलं दर बॅचला चाळीस असतात, अर्धी मशीन बंद असतात आणि पैसे तीन-चार महिन्यांनी येतात. करायचंच असेल तर कागदावर घ्या: मुलांची कमाल संख्या, चालू मशीन किती, दुरुस्ती कुणाची, पैसे कोणत्या तारखेला. यातलं काही लिहून द्यायला शाळा कचरत असेल तर नमस्कार करून परत या.

दुसऱ्या शाखेचा विचार कधी करायचा? दोन वेगळ्या वेळांना प्रतीक्षा यादी लागली असेल आणि एक महिना तुम्ही स्वतः एकही तास न घेता पहिली शाखा चालली असेल, तेव्हा. त्या महिन्यात हजेरी, शनिवारचं प्रदर्शन आणि पुढच्या तिमाहीची फी, तिन्ही नेहमीसारखी झाली पाहिजेत. नवी जागा पहिल्या शाखेपासून स्कूटरवर पंधरा मिनिटांच्या आत घ्या. राजेंद्र नगर आणि विजय नगर अशी शहराची दोन टोकं धरलीत तर संध्याकाळच्या गर्दीत तुम्ही एबी रोडवरच सापडाल, दोन्हीकडे नाही. भाडेकरार बहुतेक अकरा महिन्यांचा असतो. तो मे-जूनमध्ये संपेल असा करू नका, कारण तीच प्रवेशांची वेळ आणि मालकालाही ते ठाऊक असतं. एप्रिलपासून करार करा, म्हणजे तो फेब्रुवारीअखेर संपतो. भाडं वाढवून मागितलंच, तर मार्चमध्ये मुलं परीक्षेत असताना मशीन उचलून दुसरीकडे मांडायला हातात पुरा महिना राहतो.